नोंदणीचं बंदर

जहाजाच्या पाठीवर दोन ओळी रंगवल्यात.
वर नाव, निआरा. खाली गाव, सेंट ऑडेल.
मी ते गाव बघितलेलं नाही.
मालकानं बघितलंय का, ठाऊक नाही,
मालकालाच कुणी बघितलेलं नाही.

अजमानसमोर, तीन मैलांवर,
नांगर टाकल्याला आज दोनशे एकोणीस दिवस.
रात्री किनाऱ्यावरची हॉटेलं पेटतात,
वारा जमिनीकडून आला की कोळशावरच्या मांसाचा वास येतो,
आणि बोसन मुकादम एक बाणकोटी शिवी हासडून
केबिनचं दार ओढून घेतो.

कागद म्हणतो, हा डेक म्हणजे सेंट ऑडेलची जमीन.
इथे मारामारी झाली तर कायदा तिथला,
इथे मूल जन्मलं तर तिथलं.
मांजर व्याली मार्चात. चार पिल्लं.
त्यांना आम्ही नागरिक म्हणतो.
आम्ही कोण, ते कागदात नाही.

ब्रिजवर एक जाडजूड पुस्तक आहे, बंदरांच्या वर्णनाचं.
कप्तान आई आजारी म्हणून गेला.
आई बरी झाली असेल, तो काही आला नाही.
आता ते मी वाचतो. मी कुक,
आणि शिजवायला तांदूळ सोडून काही नाही.

सेंट ऑडेल: लांबी नऊ मैल, रुंदी चार.
मधे डोंगर, विझलेला म्हणतात, तरी धुमसतो.
पूर्वेचा दर्या खवळलेला, म्हणून गाव पश्चिमेला.
नदी नाही. पाणी पावसाचं, टाक्यांतलं.
आधी ऊस होता, मग कापूस, मग केळी,
मग लांबच्या कुठल्याशा टेबलावर केळ्यांचा भाव बसला
आणि बागा तशाच राहिल्या.
आता पर्यटक, टपालाची तिकिटं आणि झेंडे.
झेंडे विकतात. आमच्यासारख्या जहाजांना.

राज्य कुणाचं, इथे पुस्तक जरा अडखळतं.
स्वतंत्र नाही, अगदी गुलामही नाही.
विधानसभा आहे, अकरा खुर्च्यांची,
पण गव्हर्नर चार हजार मैलांवरून येतो
आणि बाहेरच्यांशी बोलायचं तर त्यालाच विचारून.
मुकादमला वाचून दाखवलं.
म्हणाला, धाकट्या सुनेसारखं. चूल तिची, किल्ल्या सासूकडं.

माझं आडनाव भाटकर. ज्याचं भाट, तो भाटकर.
आमचं भाट आचऱ्याला,
वाटण्या होत होत माझ्याकडे अडीच माड आले.
अर्ध्या माडाचे नारळ भाऊ मोजतो.
त्यामुळे लहान जागेचा हिशेब मला कळतो.

पुस्तकाच्या शेवटी हार्बर मास्तरचा नंबर होता.
पाण्याची बोट आणणाऱ्या पोराचं सिमकार्ड घेतलं,
बदल्यात माझे बूट दिले.
इथे दुपारचे दोन, तिथे सकाळचे सहा.
म्हाताऱ्यानं उचलला. मागे कोंबडा आरवत होता.
जहाजाचं नाव काय? अक्षरं सांग. नाही ऐकलं कधी.
नोंदणी ती कंपनी बघते, परदेशात,
आम्हाला वर्षाकाठी दर जहाजामागे थोडे पैसे येतात,
त्यातून शाळेचं छप्पर केलं.
मग थोडा थांबला.
पाणी आहे का तुमच्याकडे?
म्हटलं, आठवड्याला एक बोट.
म्हणाला, आमचीही या महिन्यात उशिरा आली.
आणि मग हळूच, झेंडा आहे ना वर?
मी मान वर केली.
शमालनं त्याचा निम्मा भाग कधीच नेला होता.
आहे, म्हटलं.
तेवढ्यात पैसे संपले.

संध्याकाळी मी आणि ऑइलर को ज़ॉ झेंडा उतरवून बसलो,
गॅलीतला टॉवेल, नायलॉनचा दोरा.
उडालेल्या भागावर एक पक्षी होता, एवढं नक्की.
को ज़ॉ म्हणाला पेलिकन. मुकादम म्हणाला बगळा, पैज.
पुस्तकात जेट्टीची खोलीसुद्धा आहे,
झेंड्याचं चित्र मात्र नाही.

मी कोंबडा शिवला.
तेवढाच ऐकला होता.