सायकल नसलेली मुलं

डिचोलीच्या बसस्टँडमागे माझं पंक्चरचं दुकान.
खाण चालू होती तेव्हा ट्रकांच्या रांगेने
मला जेवायलाही उठू दिलं नाही.
खाण थांबली, आणि मी
स्कूटरींवर आलो, मग सायकलींवर,
मग नुसता स्टुलावर.

जूनपासून सोल्युशनच्या ट्यूबा खपू लागल्या.
पिवळ्या, छोट्या, डझनाने.
गणवेशातली पोरं, दोघं-तिघं,
"पात्रांव, एक दी."
मी दिली.
सायकल कुठे आहे, हे विचारायला मला
चतुर्थी उजाडली.

खोटं कशाला बोलू,
सुचलं नव्हतं असं नाही.
माटोळीचं सामान आणायचं होतं.

मला वास येत नाही.
तीस वर्षं त्यातच बसून नाक मेलंय.
बायको माझा शर्ट भिजत घालताना तोंड फिरवते,
मी विचारतो, काय झालं?

नदीकाठच्या बंद गाळ्यामागे सापडल्या
माझ्याच ट्यूबा,
शेपटीपासून तोंडापर्यंत गुंडाळत आणलेल्या,
काटकसरी आईने टूथपेस्ट संपवावी तशा.
बाजूला भूगोलाची वही.
आत गोव्याचा नकाशा,
मांडवी तेवढी निळी रंगवलेली,
बाकी सगळं राहिलेलं.
तन्वेश गावस, नववी ब.

दुसऱ्या दिवशी खडूने लिहिलं :
सायकल आणली तरच सोल्युशन.
चार दिवस कुणी फिरकलं नाही.
पाचव्या दिवशी तो आला, ढकलत,
बहिणीची सायकल, गुलाबी, पुढे टोपली.
चाकात खिळा.
कोरा. दुकानातून आत्ताच आणल्यासारखा.
मी खिळ्याकडे बघितलं,
त्याने माझ्याकडे.

खिळ्याबद्दल बोललो नाही. वहीबद्दलही नाही.
"बस," म्हटलं. "ट्यूब बाहेर काढ. हवा भर.
आता घमेल्यात बुडव, आणि फिरव सावकाश."
हात थरथरत होते त्याचे,
पाण्याला ते माझ्याआधी कळलं.
"बुडबुडा कुठून येतो बघ."

तो बघत राहिला.
ओठांभोवती लाल पुरळ,
मिसरूड फुटायची त्याच जागी.
मग एकदम म्हणाला, "इथून."
आणि भोकावर अंगठा दाबून धरला,
इतका की नख पांढरं पडलं.

घासायला कानस त्याच्या हातात दिली,
सोल्युशन मी लावलं.
त्याने मान वळवली नाही.
श्वास ओढून घेतला, तो मला ऐकू आला.
ते सुकायला पाच मिनिटं लागतात.
ट्रकांच्या दिवसांतही
मी इतका वेळ कधी काम केलं नव्हतं.

पंधरा रुपये घेतले.
फुकट दिलं असतं तर परत आला नसता.
हे खरं की माझी सवय, ठाऊक नाही.
हार्डवेअरवाला दोन गल्ल्या पलीकडे,
तो अजून काही विचारत नाही.

बुधवारच्या बाजारात त्याची आई दिसली,
गोणपाटावर तांबडी भाजी, मुळे, चार पपया.
मी एक जुडी घेतली.
आणखी एक घेतली.
सुटे पैसे मोजून देताना तिने विचारलं,
"घरात पाहुणे आलेत?"
हो म्हटलं, आणि निघालो.

पिशवी हँडलला अडकवली, किक मारली,
बंद केली.
परत वळलो.
"बाई," म्हटलं,
"तुमच्या तन्वेशची वही
माझ्याकडे राहिलीय."