बाणाच्या टोकाला

लायल थोर्वाल्डसनने काउंटरवर तीन मांडलेत:
एक धुरकट, एक आरपार, एक क्रोमचा.
क्रोमच्यात माझं नाक बटाट्याएवढं दिसतं.
"धुरकट घे मिरोन," तो म्हणतो, "पिकअपला शोभेल.
चार बोटं उंच, कडांना वळवलेला,
बॉनेटला भोक पाडायला नको, टेप आणि तीन क्लिपा."
माझी पिकअप सतरा वर्षांची.
तिचं शोभणं कधीच मागच्या चाकाखाली गेलं.

जुलै चालू आहे.
तळ्याकडच्या गावांत एका दिवसाच्या आयुष्याचे किडे उठतात,
सकाळी रस्ता त्यांच्यावरून कुरकुरतो.
आमच्या डॉफिनकडे नाकतोडे, चतुर,
आणि एक हिरवा, पचपचीत,
ज्याला इथं कुणी नाव दिलं नाही, नुसत्या शिव्या दिल्या.
गाडी घरी येते तेव्हा बॉनेटवर वाळल्या कणकेसारखा थर.
स्टेफा ओलं फडकं टाकून ठेवते, मग नखानं खरवडते,
म्हणते, रंग गेला तर जाऊ दे,
लोकांना वाटतं याच्या घरात बाईमाणूस नाही.

लायलला मी एवढंच सांगितलं. खोटं नव्हतं.
पुरतं खरंही नव्हतं.

माझ्या तीनशे पेट्या आहेत.
रस्त्याच्या अलीकडे पेट्या, पलीकडे कॅनोला,
फुलला की डोळे मिटले तरी पिवळं दिसतं,
आणि मधून जातो तो रस्ता माझाच, रोजचा.
रिकामी माशी उंचावरून जाते.
भरलेली परतते खालून, दमून,
बरोबर बॉनेटच्या उंचीवर.

डाग मला ओळखता येतात.
नाकतोड्याचा तपकिरी. चतुराचा डाग नसतोच,
एक पंख तेवढा, जाळीत अडकलेला.
आणि एक पिवळा, चिकट.
एकदा बोटावर घेऊन चाखला.
गोड होता.
हे स्टेफाला सांगितलेलं नाही.

"लायल, हा किड्याला वर ढकलतो म्हणजे काय करतो?
वाऱ्यावर चढवून काचेपलीकडे सोडतो,
की काचेवर मरायचा तो टपावर मरतो?"

लायलने चष्मा कपाळावर नेला.
"तीस वर्षं विकतोय.
लोक विचारतात रंग वाचेल का, शीळ घालेल का,
उणे चाळीसला तडकेल का.
किड्याचं पुढं काय, हे..."
त्याने खोका उलटा केला.
खोक्यावर गाडी होती, गाडीवरून निळा बाण,
बॉनेटवरून उठलेला, काचेवरून वळलेला, झोकदार.
बाणाच्या टोकाला
कोरा पुठ्ठा.

आम्ही दोघं तिथं बराच वेळ बघत राहिलो.

मागं डेन ओकिमॉ तेलाचा डबा घेऊन उभा होता,
अंगठ्याने झाकण वाजवत.
"सत्तरने चालव," म्हणाला,
"ते फुकट आहे."

मी आरपार घेतला. नव्वद डॉलर, वर कर.
लायलला वाटलं, स्वस्त म्हणून.
धुरकटाखाली पिवळा दिसत नाही,
एवढंच कारण होतं,
आणि ते काउंटरवर बोलायचं नव्हतं.

त्याच्याच दारात बसवला.
एक क्लिप हट्टी निघाली, अंगठ्याची साल घेऊन बसली.
घरी येताना सत्तर.
मागं धान्याचा ट्रक, त्याच्या मागं शाळेची बस,
त्यामागं कुणीतरी हॉर्नवर कोपर ठेवून दिलेलं.
सुटीत शाळेची बस कुठं चालली होती, कोण जाणे.

आमच्या फाट्यावर वळलो, थांबलो.
प्लास्टिक आणि बॉनेट यांच्या मधल्या फटीत एक होती.
कुठून बसली, किती मैल आली,
माझी की कोवाल्चुकच्या पेट्यांतली, कळेना.
पुढच्या पायांनी मिशा पुसत होती,
प्रवास संपल्यावर माणूस तोंड पुसतो तशी.
मी इंजिन बंद केलं.
गेली तेव्हा बॉनेट गार झालं होतं.

"केवढ्याला पडला?" स्टेफानं विचारलं.
मी दहा डॉलर कमी सांगितले.
तिने वाकून आरपार पाहिलं,
फडकं मात्र खांद्यावरून काढलं नाही.