जूनमध्ये या

घर तुम्ही जानेवारीत पाहिलंत, लोसा.
जानेवारीत डनिडनमधलं कुठलंही घर
लग्नाला निघाल्यासारखं दिसतं.
रात्रीचे नऊ वाजले तरी ऊन
ओट्यावर कोपर टेकून बसलेलं.
जूनमध्ये या. दुपारी दोन वाजता.
समोरचा डोंगर सूर्य गिळतो
आणि ढेकरही देत नाही.

आपल्याकडे ऊन उत्तरेकडून येतं.
या घराच्या उत्तरेला न्हाणीघर,
त्याला पसाभर खिडकी.

मी घराखाली जाते, पोटावर सरपटत.
तेवीस वर्षं हेच करतेय.
वर लोक पडद्यांचा रंग ठरवत असतात
आणि त्यांच्या पायांखाली, दीड हात अंधारात,
घर ज्यांच्यावर उभं आहे त्या खुंटांना
मी स्क्रूड्रायव्हर टोचून बघते.
चांगलं लाकूड टक् म्हणतं.
वाईट लाकूड काहीच म्हणत नाही.
इथले एकोणीस खुंट काही बोलले नाहीत.

एजंटबाई म्हणाल्या ना, नुकताच रंग दिलाय?
दिलाय. एकाच भिंतीला.
बाकीच्या तिघींनी काय पाप केलं होतं
ते विचारायचं तुमचं राहून गेलं.
भर उन्हाळ्यात हीटर पहाटेपासून चालू,
ओव्हनमध्ये पाव, त्याचा वास जिन्यापर्यंत,
आणि एवढ्या मोठ्या खोलीत गालिचा
नेमका कोपऱ्यातच.
मी उचलला. खाली रिमूच्या फळ्या,
सुईने टोचल्यासारखी भोकं,
बोट ठेवलं तर पीठ.

कॅलम तेव्हा खिडकीपाशी होता.
बंदर दिसतं म्हणाला.
दिसतं की. वरच्या बसथांब्यावरूनही दिसतं,
आणि तिथे हप्ता नाही.
या देशात मेंढ्या माणसांहून जास्त,
पण हुरळतात ती माणसंच.

कुंपणापलीकडे ड्यूअर आजोबा वाटाणे सोलत होते.
मी विचारलं, इथे ओढा होता ना?
म्हणाले, होता काय, आहे. पाइपात घातलाय.
ऑगस्टमध्ये चिडला की घरी येतो.
कुणाला सांगितलं नाहीत?
कुणी विचारलंच नाही, म्हणाले,
आणि एक शेंग माझ्या हातावर ठेवली.

बँकेने सांगितलेला आकडा
तुमच्या ऐपतीचा नाही,
तिच्या भुकेचा आहे.
गुरुवारी लिलाव. हातोडा पडला
की मागे फिरायला दार नसतं.
जूनला अजून पाच महिने आहेत, म्हणता?
म्हणून तर लिलाव गुरुवारी आहे.

तुम्ही बराच वेळ गप्प होतात.
मग म्हणालात, दारातून आत आले
आणि वाटलं, इथे माझी आई बसेल.

यावर माझ्याकडे रकाना नाही.
खुंटांना आहे, पन्हाळींना आहे,
आई कुठे बसेल याला नाही.

ऐका. चौऱ्याण्णवमध्ये मीही एक घर घेतलं,
परसात नासपतीचं झाड होतं म्हणून.
नवरा तिसऱ्या हिवाळ्यात गेला, दुसरीकडे, कोरड्या जागी.
झाड त्याच्या पुढच्या वर्षी पडलं.
बारा खुंट मी माझ्या हातांनी बदलले.
तेव्हाच हे काम शिकले, दुसरं कुठे शिकणार?
आणि अजून तिथेच राहते,
का ते विचारू नका.

अहवाल उद्या पाठवते, दुरुस्तीच्या खर्चासकट.
पण त्याआधी माझ्याकडे या. आजच या, आईला घेऊन.
निजायच्या खोलीत कपाट आहे,
थोडं पुढे ओढा
आणि मागच्या भिंतीला तळहात लावा.
तिथे बाराही महिने जून असतो.
हात तसाच ठेवा, चहा होईपर्यंत.

मग ठरवा.