खळ वाळेपर्यंत

हे पुस्तक माझ्याकडे चौथ्यांदा आलंय.
तोत्माच्या वाचनालयातून, पिठाच्या पोत्यात गुंडाळून,
आत रुफीनाची चिठ्ठी:
कापितोलिना येगोरोव्ना, पाठ पुन्हा निखळली.
नदीवरचा बर्फ फुटायच्या आत द्या.
बर्फ फुटला की दोन आठवडे
या काठाचं त्या काठाला जात नाही,
आणि त्या काठाला तर वाचायला हेच हवं असतं,
आठशे पानं, बारीक टाइप, मेणबत्तीचे डाग.

मी वाचत नाही. मी शिवते.
कोण कुठे अडलं ते मला दोऱ्यावरून कळतं.
प्रेमाच्या कादंबऱ्या शेवटाकडे सैल होतात,
पाककृतींची पुस्तकं लोण्याच्या पानावर.
हे दरवेळी नवव्या प्रकरणातच उसवतं.
तिथे, म्हणे, ज्याने नायकाचं घर जाळलं
तोच माणूस नव्या घराच्या दारात उभा राहतो
आणि विचारतो, आत येऊ का?
आणि नायक अकरा पानं गप्प.
अकरा पानं!
लेखक तेवढ्यात देवाबद्दल बोलून घेतो,
कायद्याबद्दल, ताऱ्यांबद्दल, ओट्सच्या भावाबद्दल,
आणि तो बिचारा बाहेर थंडीत.

समासात जांभळ्या शाईत कुणी लिहिलंय: बोल ना!
त्याखाली पेन्सिलने: तुझं घर जळलंय का कधी?
त्याखाली तिसरं अक्षर, म्हातारं, थरथरतं:
माझं जळलंय.
पुढे काहीतरी होतं, ते त्यानेच खोडलंय.
पुसून टाका, असा वाचनालयाचा नियम.
मी पहिल्यांदा पुसलंही. पण दाबून लिहिलेलं
बोटाला लागतंच. मग नाद सोडला.

तराफेवाल्या एफीमने तिसऱ्या दिवशी परत आणून आपटलं:
ओट्सचा भाव चुकलाय. बाकी ठीक.
ग्लेबने शाळेत निबंध लिहिला,
मौन हा दुबळेपणा आहे, असा. पाचपैकी तीन.
आवगुस्ता बाईंचं म्हणणं, लेखकालाच उत्तर येत नव्हतं,
म्हणून तारे.
बेकरीतली मिन्निगुल दर हिवाळ्यात
तेवढी अकराच पानं वाचते.
शिवण उसवली की मांडीवर तिचं पीठ सांडतं.

या खेपेला एक पान कमी आहे.
अकरावं.

रुफीनाने आधी ग्लेबला धरलं, मग एफीमला.
गावात तेव्हापासून पुस्तकाला रांग लागली.
पावाच्या रांगेतही तेच:
आत घेतलं. नाही घेतलं. दार लावलं. लावूच शकत नाही, तो तसा नाही!
दोन मेहुणे यावरून महिनाभर बोलत नव्हते.
मिन्निगुलला ते पान पाठ आहे, सगळ्यांना ठाऊक.
विचारलं की ती कणीक उलटी करते,
पुन्हा मळते,
आणि पुढच्याला विचारते, काळा की पांढरा?

कापलंय मात्र सरळ. शिवणीपासून बोटभर पट्टी राखून,
पट्टीवर पान पुन्हा चिकटवता यावं असं.
ब्लेडने घाईत कापणारा असा विचार करत नाही.
असा हात या गावात एकच आहे.

पान माझ्या खणात आहे, आरीच्या खाली.
मागच्या खेपेला घेतलं.
त्या हिवाळ्यात माझ्याही पायरीवर कुणी उभं होतं,
टोपी हातात, मिशीवर बर्फ,
आणि मला एवढंच बघायचं होतं
की अकरा पानांनंतर माणूस
नेमका कुठला शब्द आधी काढतो.

आता खळ शिजवलीय, पातळ.
एकच हात द्यायचा, जास्त दिली तर कागद पोचटतो.
वर इस्त्री ठेवलीय वजनाला.
रात्रभर लागेल.
नदीकडून मघाशी एक तडा वाजला, लांबलचक,
कापड टरकावल्यासारखा.

मी काय केलं ते विचारू नका.
सकाळी रुफीना नेईल, पान वाचा.
ओट्सचा भाव सोडून द्या.