शनिवारची काडी

निंभोऱ्याच्या मालधक्क्यावर तिचे वडील कारकून.
वाघिणीत किती घड चढले ते मोजायचे,
शुक्रवारी दिवेलागणीला वही मिटायचे,
शनिवारची पाळी कुणाला तरी देऊन रविवार भरायचे.
त्या दिवशी त्यांच्या घरात काडी ओढत नसत.
काडी मी ओढायची.
नऊ वर्षांची, लेवा पाटलाची पोर,
परकर सावरत शेगडी पेटवून द्यायची.
सिपोरा दारात उभी,
जशी काही मी तिच्यासाठी चोरीच करतेय.

चौसष्ट साली गेले ते.
निघायच्या आदल्या रात्री मलिद्याच्या ताटात
गोड पोहे, खोबरं आणि आमच्या मळ्यातली फणी.
केळी सोलताना तिच्या झग्यावर चीक सांडला.
आई म्हणाली, जाऊ दे व पोरी,
हा डाग मरेपर्यंत निघत नाही.

पहिलं पत्र आठ महिन्यांनी:
"द्वारके, पहाटे तीनला गाई पिळायच्या,
मग उन्हं चढेस्तोवर मिरचीचे वाफे.
ट्रॅक्टर सगळ्या वस्तीचा एक,
भांडण ज्याचं त्याचं.
मराठीत शिव्या दिल्या की गाई ऐकतात.
शनिवारी इथं सगळेच हात बांधून बसतात.
काडी ओढायला तू नाहीस,
शुक्रवारीच भांडं मंद आचेवर ठेवतो."

दुसऱ्यात रांगेची गोष्ट.
टेबलापलीकडून कुणी विचारलं,
तुम्ही खरंच आमच्यातले?
वडील गप्प.
तिनं म्हणे झग्याचा डाग मुठीत धरला.
पुढं काय झालं, ते तिनं लिहिलं नाही,
मीही कधी विचारलं नाही.

आमच्याकडे नव्वदच्या सुमारास काळ्या नळ्या आल्या.
मृगबागेला पहिल्यांदा पाणी सोडलं
तेव्हा कंदापाशी उकिडवी बसले.
थेंबाचा आवाज येत नाही.
नुसती माती रंग बदलते.
तिला कळवलं. तिचं उत्तर:
"आमचं सगळं रान असंच पितं,
चमच्या चमच्यानं, आजाऱ्यासारखं."

परवाचं अक्षर तिचं नव्हतं, नातीकडून लिहवलेलं,
मराठी लिपी गिरवून गिरवून.
"यंदा सातवं वर्ष. आमची जमीन झोपलीय.
आपसूक उगवेल ते कुणीही न्यावं.
तुझी कधी झोपते गं?"

मी मोजायला बसले.
कांदेबाग, मृगबाग, नवती, मग पीलबाग.
सासऱ्यांपासून एक वर्ष सापडेना.

विहिरीकडचा अर्धा बिघा सोडलाय रिकामा.
पोरगा म्हणतो, माय, बाराशे खोडं बसली असती.
बसली असती.
तिथं तांदुळजा उगवलाय, थोडी घोळ,
आणि एक पपई, कावळ्यानं पेरलेली.
काल मजुरांची पोरं ओटीभर भाजी खुडून गेली.
मी बांधावरून हाक मारायला तोंड उघडलं,
सवयीनं,
आणि मिटलं.

आज शनिवार.
गॅस पेटवायला काडी लागत नाही आता.
तरी पेटी हाताशी ठेवते.