पानं उलटणारी

कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव नाही.
मी व्हर्ना कुउसिस्तोच्या डाव्या हाताला, जरा मागे,
बिनपाठीच्या स्टुलावर. काळे कपडे, बांगडी नको, अत्तर नको.
तिनं मान हलवली की उठायचं,
वरचा कोपरा धरून पान उलटायचं, बसायचं.
याचे पंधरा डॉलर.

मार्च संपत आलाय, पण डुलूथला कोणी सांगितलेलं नाही.
दाराशी बुटांचा ढीग, खाली वितळलेल्या बर्फाची थारोळी,
आणि खिडकीखालचा हीटर आपल्याच लयीत टकटकतोय.
व्हर्ना एक्केचाळीस वर्षं त्याला चुकवत वाजवतेय.

इथून गाणाऱ्यांचे चेहरे दिसत नाहीत.
श्वास घेताना पाठ कुठे रुंदावते ते दिसतं,
अ‍ॅनिकाच्या झिपरमधली सेफ्टी पिन दिसते,
आणि पहिल्या वर्षाचा थॅडियस,
जो गाण्यात प्रेमापायी गिरणीच्या छपरावर चढलाय,
त्याचा उजवा गुडघा कसा लटलटतो, तेही.

सगळी गाणी प्रेमाची. गायची विसाव्या वर्षी,
लिहिलेली मात्र पन्नाशीतल्या माणसांनी,
बहुतेक घरभाडं थकलेलं असताना.
कोणी भलतीच्याच खिडकीखाली गातो,
एक टायपिस्ट नाही म्हणते, आणि तिसऱ्या कडव्यात हो.
लोक हसायच्या जागी हसतात.

मग मॅरेन आणि डेझमंड.
हे युगुलगीत ऑक्टोबरात ठरलं होतं.
जानेवारीत काय झालं ते अख्ख्या वसतिगृहाला माहीत आहे.
पण गाणं बदलायला उशीर झाला होता,
आणि सरावाच्या खोलीत दोघं एकमेकांशी
फक्त स्वरलिपीतल्या घरांच्या आकड्यांत बोलायची:
‘चाळीसपासून घेऊ.’
‘बरं. चाळीस.’

माझ्यासमोर व्हर्नाची प्रत.
तिच्यात मॅरेनच्या अक्षरात, पेन्सिलीनं: ‘इथे श्वास’,
‘इथे घाई नको’,
अठ्ठेचाळिसाव्या घरावर ‘हात धर’,
छप्पन्नाव्यावर ‘सोड’.
शेवटच्या दोन्ही खुणा कोणीतरी खोडल्यात.
पण खोडरबराला वळ पुसता येत नाहीत;
दिव्याच्या तिरप्या उजेडात त्या शिशाशिवायही वाचता येतात.

अठ्ठेचाळीस. त्यानं हात पुढे केला. तिनं दिला.
तो गात होता, की तो कुठेच जाणार नाही.
(टल्साच्या कॉलेजचं पत्र आलंय, ऑगस्टमध्ये निघतोय.)
तेवढ्यात खाली पुलाकडून मोसमातलं पहिलं जहाज:
भोंगा एक लांब, दोन आखूड,
सुराच्या किंचित खाली.
कोणी हसलं नाही.
पंचावन्न.
छप्पन्न. सोडला.
आधी नाही, नंतर नाही. लिहिल्याबरहुकूम.
कुणीतरी नाक ओढलं. लोकांना वाटलं,
काय अभिनय करतात ही मुलं.

आणि मी उठलेच नाही.
व्हर्नाचा डावा हात झपकन वर गेला, पान उलटून खाली आला,
तेवढ्यात तळाचा एक खर्ज वाजायचा राहिला.

नंतर लिंबाच्या वड्या, कागदी पेल्यांत गुलाबी सरबत.
मी माफी मागायला गेले. पाच डॉलर परत देऊ केले.
तिनं घेतले.
सुजलेल्या पेरांवरून हातमोजे चढवत म्हणाली,
‘मी त्यांच्याकडे कधी बघत नाही.
बघितलं की एखादा स्वर पडतोच.’
मग जरा थांबून,
‘छप्पन्नला सोडला का त्यानं?’
‘दोघांनी.’
‘हं. ते मी खोडलं होतं, फेब्रुवारीत.
वाटलं, नको असेल आता त्यांना.’

दाराशी डेझमंड एका गुडघ्यावर बसून बूट शोधत होता.
सगळेच काळे, सगळेच ओले.
मॅरेन कोटाची बटणं लावत होती, कुणाशी तरी बोलत.
बोलता बोलता, खाली न बघता,
तिनं पायानं एक बूट त्याच्याकडे सरकवला.
त्यानं आत हात घालून बघितलं.
त्याचाच होता.