पेटी क्रमांक सात

सात नंबरच्या पेटीत हिंगे आहेत.
डांबरगोळीच्या वासात, उजव्या पंखातून टोचलेले,
काळ्यावर नारिंगी पट्टे
आणि खांद्याशी एकेक ठिपका,
कुणाचा गोल, कुणाचा लांबट,
कुणाचा पुसता पुसता राहिल्यासारखा.

मागच्या महिन्यात कळलं, प्रजाती फोडलीय.
आता मिशीचे पेर मोजा,
शेवटचे दोन सुटे की एकजीव, भिंगातून बघा,
छातीखालच्या पाटीवर खूण असेल तर इकडे,
नसेल तर कलम चारकडे जा.

परभणीच्या उन्हात, बंद पंख्याखाली
(पंख्याने टाचण्यांवरच्या मिशा उडतात)
मी आणि मकदूमभाई तीन दिवस
चाळीस हिंग्यांची घरं बदलत होतो.
मकदूमभाई म्हणाले, मॅडम,
जिल्हा फोडला तेव्हा आमच्या मामूचं गाव
रात्रीतून हिंगोलीत गेलं.
मामू सकाळी उठला अन्
त्याच म्हशीखाली बसला.

एक उरला.
कलम सहा म्हणतं, मधला पट्टा सलग.
कलम सात म्हणतं, तुटून दोन ठिपके.
याचा डावा पंख सहात जातो, उजवा सातात.

चिठ्ठी काढून वाचली:
बोरी. श्रावण अखेर. मुगाच्या फुलावर.
अक्षर माझंच, सहा वर्षांपूर्वीचं.
पकडला होता कौतिकाबाईंनी, उघड्या हाताने.
त्याने गुडघ्यातून पिवळा थेंब सोडला
आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मनगट पुढे केलं,
टपोरं, पाण्याने भरलेलं.
तुम्ही हे ओळखता कशावरून, मी विचारलं होतं.
"वळखायचं काय त्यात? माग ठिवून जातंय की."
मग फुलं खाणाऱ्या या किड्याची पिल्लं
काय खातात, ते त्यांनी विचारलं.
मातीतली टोळाची अंडी, मी म्हणाले.
त्या बराच वेळ मुगाकडे बघत राहिल्या.
"मंग मारावं का न्हाई, तेवढं सांगा."

कलमं एकूण तेवीस आहेत.
मी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

मकदूमभाई किल्ल्या घेऊन दारात उभे.
दोन घरांमधल्या कोऱ्या पट्टीवर
मी ती टाचणी रोवली,
चिठ्ठीवर संग्राहकाच्या जागी माझं नाव होतं
ते खोडून त्यांचं लिहिलं.

मोजे घालायचे राहिले होते.
रात्री भाकरी मोडताना अंगठा चुरचुरला.
सहा वर्षं वाळलेला,
तरी.